पिकअप पाणी खातेय आणि इंजिन ठोकतंय: हेड उघडायच्या आधी काय काय बघायचं

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं की अडीच लिटरची चार सिलेंडरची टर्बो कॉमन रेल पिकअप आहे, १,९०,००० किलोमीटर झालेत, चिपळूणकडून चिरे भरून कुंभार्ली घाट चढून कराडला येता, दोन महिन्यांपासून दर फेरीला लिटर-सव्वा लिटर पाणी कमी होतंय, गाडीखाली थेंब दिसत नाही, ऑइल पांढरं झालेलं नाही, आणि आता पंधरा दिवस झाले सकाळी स्टार्टला आणि मग घाटात लोडवर ठक ठक ऐकू येतंय. एक मेस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) गेलं, दुसरा म्हणतो बेअरिंग गेल्यात फुल इंजिन करा, तिसरा म्हणतो नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर. कुणाचं ऐकू, आणि तोवर पाणी टाकत गाडी चालवू का, असा प्रश्न आहे.

शेवटचं आधी सांगतो. नका चालवू. नुसतं पाणी कमी होत असतं तर म्हटलं असतं रोज सकाळी बघा, टाका आणि सवड काढून गॅरेजला आणा. पण पाणी कमी होतंय आणि वर ठोका चालू झालाय म्हटल्यावर हिशोब बदलतो. ठोका नोझलचा निघाला तर दोन दिवस गाडी उभी राहिल्याचं नुकसान, पण तो बेअरिंगचा असला आणि तुम्ही अजून चार फेऱ्या मारल्या तर आज शेल, म्हणजे बेअरिंगच्या पातळ वाट्या, बदलून भागणारं काम क्रँकवर जातं आणि तिथून ब्लॉकला भोक पडायला एक घाट पुरतो. मी अशी गाडी घाटमाथ्याला हेळवाकच्या वर टोचन करून आणलेली आहे, कनेक्टिंग रॉड ब्लॉकच्या बाहेर डोकावत होता.

आता कुणाचं ऐकू. तिघंही बरोबर असू शकतात आणि तिघंही चुकीचे असू शकतात, कारण तुमच्या लिहिण्यावरून तिघांनीही काही मोजलेलं दिसत नाही, तिघांनी कान लावून सांगितलंय. मीही इथून मोबाईलवर वाचून छातीठोक सांगू शकत नाही. पण सत्तावीस वर्षं डिझेल गाड्यांच्या खाली झोपून काढलीत, घाटातून तापून येणाऱ्या गाड्या आमच्याकडे कायम असतात, त्यामुळे कुठल्या क्रमाने बघायचं ते नक्की सांगता येईल.

खरा प्रश्न मला असा दिसतो की तुमच्या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध आहे का. पाणी आधी दीड महिना कमी होत होतं आणि ठोका नंतर आला, हा क्रम महत्त्वाचा आहे. पाण्यामुळे ठोका येण्याचे ठरावीक रस्ते आहेत. एक, पाणी ऑइलमध्ये जातं आणि बेअरिंग खातं. दुसरा, पाणी सिलेंडरमध्ये साठतं, सकाळी सेल्फ मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो, पाणी काही दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. तिसरा, पाणी कमी पडून गाडी कधीतरी जोरात तापली आणि पिस्टन-लाईनरला ओरखडे पडले. आणि चौथी शक्यता, दोन्ही गोष्टी वेगळ्याच आहेत आणि योगायोगाने एकाच वेळी आल्यात. १,९०,००० किलोमीटरवर नोझल खराब होणं काही आश्चर्याचं नाही, त्याला पाण्याशी संबंध लागत नाही.

म्हणून पहिलं काम ऑइलचं. तुम्ही म्हणता ऑइल पांढरं नाही. कुठे बघितलं? डिपस्टिकवर आणि टोपणाखाली बघितलं असणार, सगळे तिथेच बघतात. टोपणाखालचा पांढरा साय हा कोयनेच्या पावसात कुठल्याही गाडीला येतो, जवळच्या जवळ फिरणारी गाडी असली की आतली वाफ तिथे धरते, त्याने घाबरून हेड उघडू नका. आणि उलटं, टोपण स्वच्छ आहे म्हणजे ऑइलमध्ये पाणी नाही असंही नाही, कारण रोज गरम होणाऱ्या इंजिनात थोडं पाणी उडून जातं आणि कूलंटमधला ग्लायकॉल मागे राहून ऑइलचा चिकटा करतो. त्यामुळे असं करा. गाडी रात्रभर, जमलं तर चोवीस तास, सपाट जागेवर उभी ठेवा. स्टार्ट न करता खाली पातेलं धरून चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट अगदी हळू ढिला करा, पूर्ण काढायचा नाही, नुसता ओघळ येईल एवढा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं, म्हणून आत पाणी असेल तर पहिल्या अर्ध्या कपात ते बाहेर येतं, हिरवं किंवा गुलाबी जसं तुमचं कूलंट असेल तसं. आलं तर पुढचं काहीही करायच्या आधी गाडी स्टार्ट करायची नाही. आणि नुसतं काळं ऑइल आलं तर ते बोटांत चोळून बघा, चमकीसारखे कण दिसतात का, चुंबकाला न चिकटणारे. ते शेलचे असतात. नट परत आवळायच्या आधी अर्धा लिटर ऑइल स्वच्छ बाटलीत घेऊन ठेवा, पुढे लॅबला द्यायची वेळ आली तर कामाला येतं.

त्याच दिवशी ऑइल फिल्टर काढून कापून घ्या. ग्राइंडरने नको, त्याचेच कण आत जातात, हातकरवतीने किंवा कटरने वरची कडा कापा, कागद बाहेर काढून उन्हात पसरा. चमक दिसली तर दुसऱ्या मेस्त्रीचं म्हणणं खरं ठरायला लागतं. हे काम पंधरा मिनिटांचं आहे, खर्च एका फिल्टरचा, आणि एवढ्यावर मी निम्म्या गाड्यांचा निकाल लावलाय. तरी कुणी करत नाही.

ऑइल साफ निघालं असं धरून आता पाण्याकडे येऊ.

खाली थेंब नाही म्हणजे बाहेर गळत नाही, हा समज काढून टाका. गरम इंजिनावर बारीक गळती असेल तर थेंब खाली पडायच्या आधीच उडून जातो. काही गळत्या फक्त थंड असताना होतात, रबरी पाईप आणि क्लिप आकसलेले असतात तेव्हा, आणि इंजिन गरम झालं की बंद. वॉटर पंपाच्या पोटात एक छोटं भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून पाझरतं, आणि ते भोक बेल्टच्या मागे असल्यामुळे दिसत नाही, नुसती वाळलेल्या कूलंटची रंगीत पुटं दिसतात. हीटर असेल तर केबिनमधल्या मॅटखाली हात घाला, चिकट ओल आणि गोडसर वास आला तर तिथे चोर सापडला. ब्लॉकला मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या वर, पत्र्याच्या डब्या बसवलेल्या असतात, त्यातली एक गंजली तर पाणी बेलहाउसिंगवरून ओघळून वाळतं. आणि साधं पाणी वापरणाऱ्या गाडीला तर डागसुद्धा मागे राहत नाही, शोधायला काहीच खूण नाही. तुम्ही कूलंट वापरता की बोअरचं पाणी ते लिहिलेलं नाही. बोअरचं असेल तर पुढे त्याच्यावर बोलायचंय.

डोळ्यांनी शोधण्यापेक्षा प्रेशर टेस्टर लावा. पाण्याच्या टाकीच्या किंवा रेडिएटरच्या तोंडाला बसणारा हातपंप असतो, बहुतेक बऱ्या गॅरेजमध्ये असतो. गाडी पूर्ण थंड, रेडिएटर काठोकाठ भरलेला, आणि झाकणावर जेवढा आकडा लिहिलाय तेवढंच प्रेशर द्यायचं, बहुतेक ०.९ ते १.१ बार. जास्त दिलं तर चांगला रेडिएटर फाडून ठेवाल. वीस मिनिटं काटा हलला नाही तर बाहेरून सुटतंय ही शक्यता बरीच कमी झाली. काटा हळूहळू उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी आत जातंय. झाकणही त्याच टेस्टरवर तपासून घ्या. झाकणाची स्प्रिंग मेली की प्रेशर धरत नाही, प्रेशर नसेल तर पाणी शंभरला उकळतं, तेच एक बार प्रेशरखाली एकशेवीसच्या आसपास उकळतं. घाटात दुसऱ्या गिअरला चढताना हा वीस डिग्रीचा फरक म्हणजेच गाडी पाणी फेकते की नाही यातला फरक. शे-दोनशे रुपयांचं झाकण बदलून पाणी खायची थांबलेली गाडी मी बघितलीय, आणि त्याच गाडीला आधी दुसरीकडे रेडिएटर नवीन बसवलेला होता.

आता आत जातंय असं ठरलं तर मुख्य तीन संशयित: हेड गॅस्केट, हेडला क्रॅक, आणि ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात पाठवायच्या आधी पाण्याने थंड करणारा). ऑइल कूलर चौथा, पण त्याचं पाणी ऑइलमध्ये दिसायला हवं होतं.

हेड गॅस्केटची लक्षणं सगळ्यांना तोंडपाठ असतात पण ती नीट बघायची पद्धत आहे. सकाळी थंड गाडी, झाकण काढून पाणी काठापर्यंत भरा, वरचा जाड होज पाईप हाताने दोन-चारदा दाबून आतली हवा काढा, झाकण लावा, स्टार्ट करून दोनच मिनिटांनी तो पाईप दाबून बघा. एवढ्या वेळात पाणी तापलेलं नसतं, थर्मोस्टॅट तर ऐंशीच्या पुढे उघडतो, त्यामुळे पाईप मऊ लागला पाहिजे. दगडासारखा कडक लागला तर सिलेंडरचा गॅस पाण्यात येतोय. झाकण उघडं ठेवून बुडबुडे बघायची पद्धत पण आहे, पण पाणी नुकतंच भरलं असेल तर अडकलेली हवासुद्धा बुडबुडे देते, म्हणून ती हवा पूर्ण निघाल्यावरच तो प्रयोग करा. निळ्या द्रावणाची गॅस टेस्ट मिळते, रेडिएटरवर धरली की रंग बदलतो. ती पेट्रोलला झकास. डिझेलला स्टँडिंगवर (गाडी उभी, रेस न देता चालू) धूर इतका पातळ असतो की कधीकधी फसवते, गळती असूनही रंग बदलत नाही. लोड देऊन लगेच बघितलं तर जास्त भरवशाची.

याचं कारण पण समजून घ्या. पाण्याच्या सिस्टीममध्ये एक बार प्रेशर. स्टँडिंगला सिलेंडरमध्ये कॉम्प्रेशन पंचवीस-तीस बार. पण भरलेली गाडी घाटात टर्बो फुल असताना जाळाच्या क्षणी आत शंभर-दीडशे बारच्या घरात प्रेशर जातं. एवढ्याशा फटीतून गॅस तेव्हाच उसळतो. म्हणून अशी गाडी गॅरेजमध्ये अर्धा तास चालू ठेवली तरी काही दाखवत नाही आणि घाटात मात्र टाकीतून पाणी फेकते. मेस्त्री म्हणतो काही नाही, मालक म्हणतो आहे, दोघं खरं बोलतात. एरवी टाकीवर पेनाने खूण करून घाटाखाली पोफळीला थांबून बघायचं, वर हेळवाकला थांबून बघायचं. झाकण उघडायचं नाही, बाहेरूनच. पाणी सपाटीला कमी होतं की घाटात, हे मला एका फेरीत कळलं तर माझा एक दिवस वाचतो. पण आता गेल्या फेऱ्यांचं जे आठवतंय तेवढंच सांगा, नवीन फेरी मारू नका.

ईजीआर कूलरबद्दल जरा जास्त बोलतो कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. सहा-सात वर्षांपूर्वी अशीच एक पिकअप आली होती, दुधाच्या लाईनवर चालणारी. पाणी जातंय, खाली थेंब नाही, सकाळी पांढरा धूर. मी म्हटलं हेड गॅस्केट, दुसरं काय असणार. हेड उतरवलं, फेस मारून (खालची बाजू घासून सपाट करून) आणला, नवीन गॅस्केट, नवीन बोल्ट, गाडी दिली. आठव्या दिवशी मालक परत, पाणी तेवढंच जातंय. उतरवलेलं जुनं गॅस्केट कोपऱ्यात पडलं होतं, उचलून नीट बघितलं तर त्याला काही झालेलंच नव्हतं. मग ईजीआरचा पाईप काढला तर आत ओलं, काजळीच्या जागी चिखल, आणि कडेला पांढरी खारी. कूलरच्या आतली नळी फुटली होती. मजुरी परत केली, गॅस्केटचे पैसे माझ्या अंगावर. तेव्हापासून हेडला पाना लावायच्या आधी ईजीआरचा पाईप काढून आत बोट घालतो. २०१७ ला भारतभर बीएस ४ हा गाड्यांच्या धुराचा नियम आला तेव्हापासून ज्या पिकअप, टेम्पो आमच्याकडे येतात त्यात हा कूलर असतोच असतो, त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत होता. एक्झॉस्टचा तापलेला धूर पाण्याने थंड करून परत आत पाठवायचं त्याचं काम, म्हणजे एका बाजूला जाळ आणि एका बाजूला पाणी, मध्ये पातळ पत्रा.

त्याची खोड अशी की गाडी चालू असताना फुटलेल्या नळीचं पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, ऑइलमध्ये काही नाही, तापमानाचा काटा जागेवर. पण गाडी बंद केल्यावर सिस्टीममध्ये अजून प्रेशर असतं, ते पाणी हळूहळू पाझरून पाईपमध्ये आणि तिथून ज्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला त्याच्यात उतरतं. सकाळी सेल्फ मारला की एकदम अडकल्यासारखा होतो, मग फिरतो, गाडी थरथरत पांढरा धूर टाकत चालू होते. भाऊ, तुम्हाला हे मुद्दाम विचारतो, गेल्या महिना-दीड महिन्यात कधी सेल्फ असा अडकून मग फिरला का? बॅटरी डाउन असेल म्हणून सोडून दिलं असेल. आठवून बघा. तो एक झटका कनेक्टिंग रॉड वाकवायला पुरतो, आणि रॉड दोन-चार दशांश मिलिमीटरने आखूड झाला तरी त्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन उतरतं, पिस्टन तिरका चालतो आणि सकाळी थंड इंजिनावर ठक ठक करतो. तुमचा ठोका सकाळी येतो म्हणता, म्हणून हे डोक्यात आलं.

हेड न उघडता कुठल्या सिलेंडरमध्ये पाणी जातंय ते बघायची सोय आहे. रात्री पाण्याला प्रेशर देऊन ठेवा, सकाळी ग्लो प्लग (थंड स्टार्टला सिलेंडर तापवणारे, हेडमध्ये बसवलेले) काढून सेल्फ मारा. ज्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली तो सिलेंडर. तोंड समोर धरू नका. ग्लो प्लग जपून काढा, एवढ्या किलोमीटरवर ते जाम झालेले असतात आणि आत तुटला तर तेच एक वेगळं लफडं होतं. आदल्या दिवशी बुडाशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं, इंजिन कोमट असताना काढायचे. मग त्या भोकातून बारीक कॅमेरा सोडा, हल्ली हजार-दोन हजारात मोबाईलला लागणारा मिळतो. चारपैकी तीन पिस्टन काळे आणि एक घासून धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर वाफेनेच तो धुतलाय. पाणी तिथेच जातंय.

आता ठोका. डिझेल मुळातच खडखडतं, त्यामुळे "आवाज येतोय" एवढ्यावर काही ठरत नाही. मी आधी हे बघतो की आवाज जाळाचा आहे की लोखंडाचा.

जाळाचा आवाज म्हणजे नोझल चुकीच्या वेळी किंवा जास्त डिझेल सोडतंय. तो कडक, टणटणीत असतो, वरून हेडकडून येतो, बरोबर काळा किंवा पांढरा धूर असतो. लोखंडाचा आवाज खालून येतो, जड असतो. कनेक्टिंग बेअरिंगचा ठोका इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झालं की वाढतो, रेस देऊन सोडताना स्पष्ट ऐकू येतो. पिस्टनचा ठोका उलटा, थंडीत येतो आणि गरम झालं की दबतो. तुमचं वर्णन दोन्हीकडे बसतंय, सकाळी पण आणि घाटात लोडवर पण, म्हणून तिघांनी तीन उत्तरं दिली असतील. मला एक सांगा, सकाळचा आवाज दहा मिनिटांनी जातो का आणि घाटात येतो तो तोच आवाज आहे का दुसरा? दोन वेगळे आवाज असण्याची शक्यता बरीच आहे.

एक एक सिलेंडर बंद करून ऐकायचं, ही जुनी पद्धत अजूनही सगळ्यात चांगली. पण जुन्या पंपाच्या गाडीला आम्ही नोझलच्या पाईपचा नट ढिला करायचो तसं कॉमन रेलला चुकूनही करू नका. तिथे रेलमध्ये स्टँडिंगलाच अडीचशे-तीनशे बार आणि लोडवर सोळाशेपर्यंत प्रेशर असतं, त्या डिझेलची धार कातडीत घुसते, बोट जायची वेळ येते. स्कॅनरवरून एक एक सिलेंडर बंद करता येतो, तसं करा. स्कॅनर नसेल तर गाडी बंद करून एका नोझलचा कनेक्टर काढायचा, मग स्टार्ट करून ऐकायचं. चालू गाडीचा कनेक्टर हाताने ओढू नका, तिथे बॅटरीचे बारा व्होल्ट नसतात, त्याच्या कितीतरी पट झटका असतो.

समजा तीन नंबर बंद केल्यावर ठोका गेला. लोक लगेच म्हणतात नोझल. थांबा. जाळ बंद केला की त्या पिस्टनवरचा दणका पण बंद होतो, त्यामुळे त्याच सिलेंडरची बेअरिंग सैल असली तरी आवाज कमीच होणार. एवढं कळलं की गडबड तीन नंबरला आहे, काय आहे ते अजून कळलं नाही. मग तीनचं आणि एकचं नोझल आपसात बदला. कॉमन रेलच्या नोझलवर कोड असतो, बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनरने कंट्रोलरमध्ये भरावा लागतो, ते विसरू नका, नाहीतर तुम्हीच नवीन ठोका तयार कराल. आवाज नोझलबरोबर एक नंबरला गेला तर नोझल, तीनलाच राहिला तर आतलं काम. सोबत चारही नोझलच्या रिटर्नला चार बाटल्या लावून बघा, एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल आलं तर ते नोझल तसंही जायच्या वाटेवर आहे.

नोझलकडे वळायच्या आधी डिझेल कुठून भरलं ते पण आठवा. ठोका सुरू झाला त्या आठवड्यात नेहमीचा पंप बदलला होता का? भेसळीचं डिझेल उशिरा पेटतं आणि पेटतं तेव्हा एकदम पेटतं, चारही सिलेंडर ठोकतात. टाकी रिकामी करून फिल्टर बदलून चांगलं डिझेल टाकलं की गप्प.

बाहेरचे आवाज पण काढून टाका. क्रँक पुलीच्या रबराचा जोड सुटला किंवा बोल्ट ढिला झाला की हुबेहूब बेअरिंगसारखा ठोका येतो, या एका गोष्टीमुळे चांगली इंजिनं खोललेली बघितलीत मी. ब्रेकचा व्हॅक्युम पंप, अल्टरनेटर, बेल्टचा टेन्शनर, सगळे नाटकी आवाज करतात. बेल्ट काढून अर्धं मिनिटच स्टार्ट करून ऐकलं की निम्मे संशयित सुटतात. लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायची आमची पद्धत जुनी असली तरी खोटी नाही, फक्त फिरत्या पंख्यापासून लांब.

बेअरिंगबद्दल शंका उरली तर ऑइल प्रेशरचा मेकॅनिकल घड्याळ लावून बघा, डॅशबोर्डच्या दिव्यावर जाऊ नका, तो दिवा लागेपर्यंत बेअरिंग मेलेली असते. गरम इंजिनाला स्टँडिंगवर एक बारच्या खाली आणि दोन हजार आरपीएमला तीनच्या बरंच खाली असेल तर मी चेंबर उतरवतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या, गाडीप्रमाणे फरक असतो. चेंबर उतरवून कनेक्टिंगची एक कॅप खोलून शेल बघणं हे हेड उतरवण्यापेक्षा स्वस्त आहे. शेलचा राखाडी थर जाऊन तांबं दिसायला लागलं की मग वाद संपला.

आता दोन गोष्टी ज्या तुम्ही लिहिल्या नाहीत. एक, या इंजिनाचं हेड आधी कधी उघडलंय का? सेकंड हँड घेतली असेल तर आधीच्या मालकाला विचारा. डिझेलचं हेड पेट्रोलसारखं हवं तेवढं घासता येत नाही. फेस काढला की व्हॉल्व्ह तेवढे खाली पिस्टनकडे येतात. गॅस्केटही वेगवेगळ्या जाडीची येतात, कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरून जाडी ओळखायची, आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून ती निवडायची. कुणी न मोजता दुकानात मिळालं ते पातळ गॅस्केट घातलं असेल तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला हळूच लागतो आणि ठोका येतो. आणि तेच हेड नीट आवळलं नसेल तर पाणी पण जातं. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच जुन्या कामातून आलेल्या असू शकतात.

दुसरी, किती चिरे भरता? राग मानू नका. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा धरला तर सत्तर चिऱ्यांना सव्वादोन टनाच्या आसपास वजन जातं, आणि पिकअपचं पासिंग दीड टनाच्या आसपास. जाताना रिकामी आणि येताना दीडपट भरून घाट, तेही उन्हाळ्यात. अशा गाडीला गॅस्केट, नोझल, बेअरिंग काहीही लवकर जाणारच, आणि मी दुरुस्त करून दिली तरी परत येणार.

बोअरच्या पाण्याचं म्हटलं होतं. क्षारांचं पाणी रेडिएटरच्या नळ्या आणि हेडमधले पाण्याचे रस्ते बुजवतं, ॲल्युमिनियमच्या हेडला गॅस्केटच्या काठाने खातं. तयार कूलंट घाला, नाहीतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं. आणि कुणी हळद टाका म्हणेल रेडिएटरमध्ये, गळती थांबते म्हणून. थांबते कधीकधी, खोटं नाही, पण ती हळद हीटर आणि ऑइल कूलरच्या बारीक नळ्यांत पण बसते. स्टॉप लीकच्या पावडरीचं तेच. मुंबईला माल घेऊन मध्यरात्री अडकलात तर ठीक, घरी पोचल्यावर सगळं धुऊन काढा.

अजून एक, तापमानाच्या काट्यावर फार भरवसा ठेवू नका. पाणी फार खाली गेलं की सेन्सर हवेत उघडा पडतो, हवेला तो नीट ओळखत नाही, आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं चला थंड झाली. घाटात काटा वर जाऊन अचानक पडला असं कधी झालं असेल तर पिस्टनला ओरखडे असण्याची तयारी ठेवा.

माझा अंदाज विचाराल तर, आणि हा नुसता अंदाज आहे, मी आधी ईजीआर कूलर आणि एखादा किंचित वाकलेला रॉड या जोडीवर संशय घेईन. पाणी बरेच दिवस चुपचाप जाणं, ऑइल स्वच्छ, काटा जागेवर, आणि मग सकाळचा ठोका, हे त्यात बसतं. त्यानंतर गॅस्केट आणि वेगळं नोझल. बेअरिंग तिसऱ्या नंबरला, ऑइल खरंच साफ असेल तर. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एकच सिलेंडर बाकीच्यांपेक्षा चार-पाच बारने खाली दाखवला तर माझ्या अंदाजाला जोर येईल, मग हेड उतरवायला हरकत नाही. उतरवलं की डायल गेजने चारही पिस्टन वरच्या टोकाला आणून मोजायला लावा, जो बुटका निघाला त्याचा रॉड वाकलाय. हेड लेथवाल्याकडे पाठवताना फेस मारायला नको, आधी प्रेशर टेस्टिंगला पाठवा, क्रॅक असेल तर फेसचे पैसे वाया. बोल्ट नवीनच, जुने ताणलेले असतात, परत वापरायचे नाहीत.

सगळ्यात आधी मात्र ते पातेलं. चेंबरचा नट ढिला केल्यावर पहिल्यांदा काय आलं आणि फिल्टरच्या कागदावर काय दिसलं याचे दोन फोटो टाका, सेल्फ कधी अडकला होता का तेही लिहा, मग पुढचं बोलू.